बग्गीखान्यातलं इंजिन

"स्टोव्ह पेटवता येतो का?"

यंत्रशाळेत नाव घालायला गेले तेव्हा मास्टरसाहेबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. ना नाव, ना मार्क. शेजारच्या खुर्चीवर माझे बाबा बसले होते. बाबा महसूल कचेरीत कारकून, आणि मला तिथे घेऊन येण्यामागे त्यांचा डाव सरळ होता. मास्टर मुलीला घेणार नाहीत, पोरीच्या डोक्यातलं यंत्राचं खूळ परस्पर उतरेल, आणि घरी वाईटपणा कुणावरच येणार नाही.

"येतो," मी म्हटलं.

"भडकला तर काय करते?"

"चावी सैल करते. हवा सोडून देते."

"आणि पंप कशाला मारते? शोभेसाठी?"

"दाब नसला तर घासलेट वर चढत नाही. चढून पण भागत नाही, तापलेल्या नळीत त्याची वाफ झाली पाहिजे. म्हणून आधी काकडा पेटवायचा."

मास्टरसाहेब बाबांकडे वळले. "तुम्ही जा आता. ही इथेच थांबून राहील."

बाबा चक्क उठून गेले. माझ्या आधी रांगेत चांगल्या घरातली दोन मुलं होती. एकाचे वडील वकील, दुसऱ्याचे दवाखानेवाले. दोघांनीही जन्मात कधी स्टोव्हला हात लावला नव्हता. त्यांना मास्टरसाहेबांनी घरी पाठवलं. "आईला सांगा, आठवडाभर घरचा चहा मी करणार. मग या." वकिलांचा मुलगा पुढच्या आठवड्यात एक भुवई जाळून घेऊन आला आणि पुढे वर्गातला सगळ्यात हुशार निघाला. त्याला आम्ही शेवटपर्यंत भुवईजळका म्हणायचो.

ही यंत्रशाळा म्हणजे लष्कर नावाच्या आमच्या शहरात, गोरखीच्या जुन्या वाड्यामागे, दरबारचा जुना बग्गीखाना. बग्ग्या कधीच गेल्या होत्या, पण चामड्याचा आणि घोड्यांचा वास पावसाळ्यात भिंतींतून बाहेर यायचा. मास्टरसाहेबांना तो वास सहन व्हायचा नाही. त्यांचं घराणं शिलेदारांचं, दख्खनेतून घोड्यावर बसून आलेलं, आणि ते स्वतः घोड्याच्या नावानं नाक मुरडणारे. "सात पिढ्या जनावराच्या पाठीवर बसून काढल्या आमच्या लोकांनी," ते म्हणायचे, "आणि एकानं पण कधी वाकून पाहिलं नाही की ते आतून चालतं कसं."

त्यांनी वाकून पाहिलं ते मोटारींकडे, आणि मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांकडे. विमानतळांवर इंजिनं उघडण्याचं काम त्यांनी काही वर्षं केलं होतं. उडाले मात्र कधी नाहीत. उंच, काटकुळे, हिवाळ्यात अंगात संस्थानी फौजेचा लोकरी कोट. संस्थान विलीन झालं तेव्हा भल्याभल्यांनी कोटांवरची जुन्या राजचिन्हाची बटणं रातोरात उपटून साधी लावली होती. यांनी नाही लावली. कुणी टोकलं तर म्हणायचे, "बटणं उत्तम पितळेची आहेत. राज्य गेलं म्हणून मी थंडीत छाती उघडी टाकून फिरू?"

आणि बग्गीखान्याच्या मधोमध, छातीएवढ्या उंच लोखंडी घोडीवर, ते इंजिन. लढाऊ जेट विमानाचं, सडपातळ, लांबलचक. त्यानं एक गिधाड गिळलं होतं. पुढची पाती वाकली, म्हणून तळावर ते बाद झालं, आणि मास्टरसाहेबांनी साहेबलोकांच्या दारात बसून बसून ते यंत्रशाळेसाठी मागून आणलं. बैलगाडीवरून. त्या काळी लष्करात मोटार उभी राहिली तरी पोरं गोळा व्हायची, आणि आम्ही जेटच्या पोटात हात घालून बसत होतो. वाकलेली पाती आम्ही एकेक करून सरळ केली, बेअरिंगं धुऊन काढली, आणि महिनोन्‌महिने जाम असलेला आस एके दिवशी माझ्या एका बोटानं फिरला. तेव्हा मी रडले होते, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

शिकवायची त्यांची तऱ्हा कुठल्या पुस्तकात बसणारी नव्हती. "हवा व्हा!" असं ते ओरडायचे, आणि आम्ही उठून हवा व्हायचो. बाकं अशी लावलेली असायची की पुढे रुंद, मागे अरुंद. सगळ्या वर्गानं एकदम आत शिरायचं. वाटेत काही मुलं फिरती पाती होऊन ढकलायची, काही स्थिर पाती होऊन वळवायची. एकेका रांगेतून जाताना गर्दी थोडी थोडी दाटायची. "एकदम दाबायला जाल तर हवा ऐकत नाही. प्रत्येकानं थोडं थोडं ढकला. एवढंच या कॉम्प्रेसरचं शहाणपण आहे." पुढे दोन वाटा फुटायच्या. थोड्यांनी ज्वलनकक्षात जाऊन जळायचं, म्हणजे उड्या मारायच्या, आणि बाकीच्यांनी कक्षाच्या भिंतीबाहेरून शांतपणे चालत जायचं. कारण सगळीच हवा जळली तर आतला पत्रा वितळेल. न जळणारी हवाच त्या भिंती राखते. मी नेहमी शांत वाटेनं जाऊ पाहायची.

"तू नाही," ते म्हणायचे, "तुझं डोकं आधीच तापलेलं. तू आत जा."

तिथून सुसाटत निघून टर्बाइनच्या पात्यांवर आदळायचं. ते चाक फिरलं की त्याच आसावरचा पुढचा कॉम्प्रेसर फिरतो, नवी हवा ओढतो, आणि उरलेला जोर मागून बाहेर पडून विमान पुढे रेटतो. एकदा भुवईजळक्यानं मुद्दाम पुढची वाट अडवली. मागून रेटा, पुढे अडथळा. दाटलेली सगळी गर्दी उलटी फिरून तोंडातून बाहेर कोसळली, दोन बाकं मोडली, माझं कोपर सोललं. मास्टरसाहेब आनंदानं टाळ्या वाजवत होते. "याला सर्ज म्हणतात! आता जन्मात विसरणार नाही कुणी." खरंच नाही विसरलो.

पोट सुटलेल्या जुन्या इंजिनांचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांत हवा चाकाच्या मधून घेऊन बाजूंना फेकायची, म्हणून अंग रुंद. "लढणाऱ्याचं अंग बारीक पाहिजे, वाऱ्यात कमी अडलं पाहिजे," असं म्हणत ते आमच्या लठ्ठ हेडक्लार्ककडे पाहायचे. वेग अजून वाढवायला टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन ओतून दुसरी आग लावतात, ती आमच्या इंजिनाला नव्हती. ती त्यांनी मागच्या भिंतीवर गेरूनं काढली होती, चांगली हत्तीएवढी, आणि दर पावसाळ्यानंतर पुन्हा काढायचे. "ही चैन आहे," ते बजावायचे. "टाकी बघता बघता रिकामी होते. जिवावर बेतलं तरच लावायची."

पण मला सगळ्यात आवडायची ती टर्बाइनची पाती. ती चाकात घट्ट बसवलेली नसत. बोटानं हलवली तर खुळखुळायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, हे तर ढिलं पडलंय.

"ढिलं नाही. जागा ठेवलीय. लाल होईपर्यंत तापणार ते, फुगणार, तर जाणार कुठे? आणि फिरायला लागलं की आपल्याच जोरानं घट्ट होतं."

खंडेनवमीला आमच्या मराठी घरांतून शस्त्रं निघायची. कुणाची पणजोबांची तलवार, कुणाचा नुसता गंजका भाला. यंत्रशाळेत कानशी, हातोडे, शिकंजे मांडून पूजा व्हायची, आणि आसपासची म्हातारी फौजी मंडळी आपापल्या तलवारी घेऊन तिथेच यायची, कारण मास्टरसाहेबांकडे पेढे चांगले असत. इंजिन आल्यापासून मधला मान त्याचा. झेंडूची माळ, वर हळदकुंकू. भटजी पहिल्या वर्षी अडले.

"अहो, पण याची गणना कशात करू? शस्त्रात, का अवजारात?"

"आत अग्नी आहे, वायू आहे. त्या दोघांचे मंत्र येतात ना? मग सुरू करा, पेढे वाट पाहून राहिलेत."

१९५६ सालच्या खंडेनवमीनंतर थोड्याच दिवसांत मध्य भारत हे आमचं राज्य मोडलं आणि नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ. बाड्याच्या चौकातली दिवाळीची रोषणाई उतरली नव्हती तोच कचेऱ्यांचं सामान पोत्यांत भरून निघायला लागलं. टेबलं निघाली, कपाटं निघाली, मग माणसं निघाली. ज्यांच्या हुद्द्याच्या तोडीची जागा नव्या राज्यात सापडेना त्यांना 'अतिरिक्त' ठरवत. घरी बाबा जेवायला बसले की आई विचारायची, "आपलं नाव कशात?" आणि ते वरण मागायचे. दरबार गेला तेव्हा आमच्या लोकांनी निदान मोठ्यानं हळहळून घेतलं होतं. या वेळी तेवढीही कुणाची छाती झाली नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

यंत्रशाळेत मोजदादीला माणसं आली तेव्हा इंजिनावर सुकलेली माळ तशीच होती, कुंकवाचे पट्टे तसेच. शेजारी कुणीतरी विसरलेली एक तलवार. मोजणारा कारकून आमच्यातलाच, जुन्या तोफखान्यातल्या माणसाचा नातू. लांब पोलादी नळकांडं, पुढे तोंड, मागे तोंड, वर शस्त्रपूजेचं कुंकू. त्यानं यादीत बेधडक 'तोफ' असं लिहून टाकलं. संस्थानाची एक तोफ फौजेत जमा करायची राहून गेली म्हणून हाहाकार झाला, आणि दुसऱ्या दिवशी दारावर दोन बंदूकवाले शिपाई. मास्टरसाहेबांनी त्यांनाही स्टोव्हचा प्रश्न विचारला. एकाला येत होता. त्याला ते आत बोलावून कॉम्प्रेसर दाखवत बसले, दुसरा बाहेर एकटाच तोफेची राखण करत राहिला.

मग मोठे साहेब आले. जबलपूरकडचे, मवाळ, थकलेले, कामाच्या ओझ्यानं पिचलेले. मी त्यांना मनात पुष्कळ शिव्या दिल्या, पण माणूस वाईट नव्हता. तोफ नाही हे त्यांना लगेच कळलं, हसलेही. त्यांच्याबरोबर पांढऱ्या रंगाचा डबा घेतलेला एक पेंटर होता. ज्या वस्तूचं जे ठरेल ते तो तिच्यावर लिहायचा.

"मास्टर साहब, बस इतना बता दीजिए, ये चलता है?"

"इसको पेट्रोल नहीं पिलाया जाता, साहब. पढ़ाया जाता है. रोज़ चलता है."

"मतलब उड़ नहीं सकता." साहेबांनी मान डोलावली. "निकामी."

पेंटरनं इंजिनाच्या अंगावर ढळढळीत अक्षरांत 'निकामी' लिहिलं. साहेब पुढच्या खोलीत गेले. मास्टरसाहेबांनी घासलेटात बोळा बुडवला आणि ओला रंग पुसून टाकला. साहेब परत आले, पाहिलं, पेंटरला खूण केली. त्यानं पुन्हा लिहिलं. मास्टरसाहेबांनी त्यांच्यासमोरच पुन्हा पुसलं. पेंटर बिचारा डबा घेऊन दोघांच्या तोंडाकडे पाहत उभा.

साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. मी जवळच कानस चालवत होते, सगळं ऐकू येत होतं.

"देखिए, मैं आपके भले की कह रहा हूँ. निकामी लिखवा लीजिए. कबाड़ कोई भोपाल नहीं ले जाता. यहीं कोने में पड़ा रहेगा, आप पढ़ाते रहिए, कौन देखने आता है? और अगर काम का बताया, तो काम की हर चीज़ भोपाल के नए कॉलेज जाएगी. फिर मैं रोक नहीं पाऊँगा."

"और मैं?"

साहेबांनी हातातल्या यादीवर बोट ठेवलं. मास्टरसाहेबांचं नाव 'अतिरिक्त'मध्ये होतं. इंजिनाबरोबर जायची सोय नव्हती.

"दो दिन सोच लीजिए," साहेब म्हणाले.

त्या दोन दिवसांत मी मास्टरसाहेबांशी जेवढी भांडले तेवढी कुणाशीच भांडले नसेन. मला त्यांचा हट्ट डोक्यात जात होता. एक शब्द! पांढऱ्या रंगाचा एक शब्द, तोही सरकारचा, आपला नाही. तो अंगावर राहू दिला तर इंजिन राहतं, वर्ग राहतो, सगळं राहतं.

"लिहू द्या ना त्यांना," मी म्हटलं. "आपल्याला तर माहीत आहे ते काय आहे."

"आज माहीत आहे. पुढच्या वर्षी नवीन पोरं येतील. आल्याबरोबर काय वाचतील? की मास्टर आपल्याला भंगारावर शिकवून राहिला. परवा तुला पण तसंच वाटेल."

"मला नाही वाटणार."

"वाटेल. रोज डोळ्यांसमोर असलं की वाटतं. तुझ्या बाबांकडे बघ. एकदा कुणी अतिरिक्त म्हटलं, तर ते घरात पण अतिरिक्तासारखे बसून राहिलेत."

हे मला फार लागलं. मी म्हटलं, "मग तुम्हाला पण तर लिहिलंय त्यांनी!"

"लिहू दे. मी म्हातारा होऊन राहिलोय, माझ्याबद्दल ते थोडं थोडं खरं होत चाललंय." मग त्यांनी इंजिनाचं पुढचं चाक एका बोटानं ढकललं, ते सावकाश फिरायला लागलं, मागे टर्बाइनची पाती खुळखुळली. "याच्याबद्दल ते खोटं आहे. आणि खोट्यावर मी सही करत नसतो, ते माझ्या फायद्याचं असलं तरी."

मी रागानं घरी निघून गेले. आजही विचाराल तर माझा अर्धा जीव म्हणतो की मीच बरोबर होते. इंजिन हातचं घालवलं त्यांनी. पण उरलेल्या अर्ध्या जिवाला त्यांचा इतका अभिमान वाटतो की पहिल्या अर्ध्याला तो बोलूच देत नाही.

साहेब आले, मास्टरसाहेबांनी एका वाक्यात सांगितलं, "इंजिन है, साहब. काम का है." साहेबांनी हातातली यादी मिटली. मग पेंटरला म्हणाले, "इस पर कुछ मत लिखना."

ट्रक आला तेव्हा गोरखीची अर्धी वस्ती जमली होती. हमालांनी घोडीसकट इंजिन दोऱ्यांनी वर चढवलं, घाम पुसला, साखळ्या आवळल्या, ड्रायव्हरनं हँडल मारलं. आणि मास्टरसाहेब ट्रकसमोर जाऊन उभे राहिले.

"उलटं लादलंय."

"क्या?"

"मुँह पीछे है. घुमाइए."

हमालांचा मुकादम भडकला. आगे-पीछे से क्या फ़र्क, लोहा है, पहुँच जाएगा. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मास्टरसाहेब हलले नाहीत. गर्दीतल्या कुणीतरी हसून म्हटलं, "मास्तरचं डोकं फिरलंय," आणि माझ्या मेंदूत काहीतरी पेटलं. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. लगेच भुवईजळका आला. मग वर्गातली बाकीची. माझे बाबा कचेरीतून जेवायला घरी चालले होते, ते गर्दी पाहून थांबले. मुलीला भर रस्त्यात ट्रकसमोर उभी पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता हात धरून ओढतील. ते आले, मास्टरसाहेबांकडे पाहिलं, छत्री मिटली आणि आमच्या रांगेत उभे राहिले. कशासाठी उभे आहोत हे त्यांना माहीतही नव्हतं.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "इंजिनाचं तोंड पुढे पाहिजे."

"मग असायलाच पाहिजे," बाबा म्हणाले.

जीपमधून साहेब उतरले. आमच्याकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, आणि मुकादमाला म्हणाले, "घुमा दो भई."

शिव्या घालत हमालांनी साखळ्या सोडल्या, इंजिन उतरवलं, फिरवलं, पुन्हा चढवलं. ऊन पार कलून गेलं. आता घोडीच्या उंचीमुळे इंजिनाचं तोंड ड्रायव्हरच्या टपाच्या वर आलं होतं, थेट रस्त्याकडे पाहत. मास्टरसाहेब बाजूला झाले.

ट्रक निघाला. गोरखीच्या गर्दीतून रडतखडत गेला, वळला, मोकळ्या रस्त्याला लागला आणि त्यानं वेग घेतला. आम्ही मागून पळत होतो. आणि वळणावर ट्रक जरा आडवा झाला तेव्हा दिसलं, पुढची पाती फिरायला लागली होती. आधी एकेक मोजता येईल अशी, मग भराभर, मग पाती दिसेनाशीच झाली. वाऱ्यानं. कुणी हात न लावता. आमच्या हातांनी सरळ केलेली ती पाती भोपाळच्या रस्त्यानं आपली आपण फिरत चालली होती. हमालांतला एकजण टपावर बसला होता, तो दचकून बाजूला सरकला. मागच्या जीपमध्ये साहेब उठून उभे राहिलेले दिसले. मी ओरडत होते, काय ओरडत होते मला आठवत नाही. बाबाही ओरडत होते.

धूळ बसल्यावर भुवईजळक्यानं विचारलं, "मास्टरसाहेब, आता?"

"आता काय? टर्बाइन अर्धं राहिलंय. सकाळी या सगळे."

"पण इंजिन तर गेलं."

"इंजिन गेलं. मी कुठे गेलोय?"

सकाळी आम्ही सगळे गेलो. बग्गीखान्याला सरकारी कुलूप होतं. मास्टरसाहेब दारासमोर भर रस्त्यात गुडघ्यांवर बसून खडूनं टर्बाइन काढत होते, खऱ्या मापाचं, पात्यामागून पातं, आणि टांगेवाले वळसा घालून जात होते.